‘सगळं तपासून द्या’ : क्रोमॅटोग्राफीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी क्रोमॅटोग्राफीवर दोन पानं लिहिली होती. हळद असो, सिरप असो की द्राक्षाचा रस, त्यातले घटक एकमेकांपासून सुटे करायचे, ओळखायचे आणि मोजायचे, एवढाच त्या लेखाचा मतलब. त्यावर इतकी पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. निम्म्या पत्रांत एकच वाक्य आहे: ‘आमच्या घरचं अमुक पाठवते, सगळं तपासून द्या.’ बत्तीस वर्षं मी आधी औषधांच्या आणि मग अन्नाच्या लॅबमध्ये काढली. हे वाक्य काउंटरवर रोज ऐकायचे. तेव्हा समोरच्याला जे सांगायचे तेच आता लिहून देते.

प्रश्न : अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. ‘स्टेशनरी फेज’ आणि ‘मोबाईल फेज’ मुलं पाठ करतात, पण डोळ्यांसमोर चित्र उभं राहत नाही. आमच्या प्रयोगशाळेत बर्नर सोडला तर फारसं काही नाही. काय करू? — एक शिक्षक, चंद्रपूर

सर, पुण्याची तुळशीबाग घ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं असलेला गर्दीचा बाजार. मी, माझे यजमान आणि सासूबाई एकाच क्षणी लक्ष्मी रोडच्या बाजूनं आत शिरलो. मागून गर्दीचा रेटा तिघांना सारखाच. यजमानांना एकाही दुकानात रस नाही, ते सहाव्या मिनिटाला मंडईच्या बाजूला बाहेर. सासूबाई पितळी भांड्यांपाशी थांबणार, त्यांना अर्धा तास. माझ्या वाटेत बांगड्या, कानातली, फॉल-बीडिंग सगळंच, माझं काही विचारू नका. गर्दी म्हणजे मोबाईल फेज, दुकानं म्हणजे स्टेशनरी फेज आणि पलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे डिटेक्टर. कोण कितव्या मिनिटाला बाहेर आलं, ते तो लिहून ठेवतो. त्या वेळेला आम्ही रिटेन्शन टाइम म्हणतो.

आमच्या एचपीएलसीच्या, म्हणजे पंपानं द्रावण ढकलत क्रोमॅटोग्राफी करणाऱ्या मशीनच्या, रोजच्या वापरातला कॉलम म्हणजे पंचवीस सेंटिमीटर लांब आणि आतून ४.६ मिलिमीटर रुंद अशी स्टीलची नळी. आत पाच मायक्रॉनचे सिलिकाचे कण ठासून भरलेले, आणि कणाकणावर अठरा कार्बनच्या साखळ्या चिकटवलेल्या. थोडक्यात, सगळी दुकानं तेलाची. ज्या रेणूला तेलकटपणाची ओढ तो रेंगाळतो, ज्याला पाणी आवडतं तो सटकतो. नळी इतकी गच्च असते की पंपानं जोर लावल्याशिवाय मिनिटाला एक मिली द्रावणही पुढे सरकत नाही.

मुलांना एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल. सहाव्या मिनिटाला बाहेर पडलेला प्रत्येक माणूस माझा नवरा नव्हे.

प्रयोगाचं म्हणाल तर गाळणकागदाची पट्टी, काळा स्केचपेन आणि पाण्याचा पेला पुरतो. खालून दोन सेंटिमीटरवर रेघ मारा, पण पेन्सिलीनं. पेननं मारली तर रेघच पळत सुटते. रेघेवर काळा ठिपका द्या आणि पट्टी अशी लटकवा की पाणी ठिपक्याच्या खाली राहील. दहा मिनिटांत काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा असे रंग सुटे होतात. मग पालकाची पानं स्पिरिटमध्ये चुरडा आणि त्या हिरव्या पाण्यात फळ्याचा पांढरा खडू उभा करा. हिरवा वर चढतो आणि त्याच्या पुढे पिवळसर कडा दिसते. मिखाईल स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०३ साली वॉर्सात जे मांडलं ते जवळजवळ हेच. काचेच्या नळीत चुन्याच्या खडूची भुकटी आणि वरून पानांचा अर्क. १९०६ साली त्यानंच त्याला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं, म्हणजे रंगलेखन. गंमत अशी की रशियनमध्ये ‘स्वेत’ या शब्दाचा अर्थही रंग.

प्रश्न : दरवर्षी सांगलीहून हळकुंडं आणून दळून घेते. यंदा गुडघ्याच्या दुखण्यामुळे जमलं नाही, सुट्टी पूड घेतली. रंग फारच भडक आहे, बोटाचा जात नाही. तुमच्या मशीनवर घालून सगळी भेसळ सांगता येईल का? खर्च किती? — एक गृहिणी, कराड

ताई, ‘सगळी भेसळ’ असं बटण कुठल्याच मशीनवर नाही. आधी काय शोधायचं ते ठरवावं लागतं आणि त्यावर कुठली पद्धत ते ठरतं. खर्चही पद्धतीगणिक वेगळा, म्हणून आकडा सांगत नाही. तुमच्या हळदीचं आम्ही काय केलं असतं ते सांगते, म्हणजे मुद्दा कळेल.

पहिला संशय मेटॅनिल यलो या रंगाचा. कारखान्यातला रंग, खाण्यात बंदी असलेला. त्यासाठी मोठं मशीन लागतच नाही, टीएलसी, म्हणजे पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी पुरते. चिमूटभर पूड मिथेनॉलमध्ये हलवायची, गाळायची. काचेवर किंवा पत्र्यावर सिलिकाचा पांढरा पातळ थर दिलेली प्लेट मिळते, साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढा तुकडा कापून घ्यायचा. खालच्या बाजूला पेन्सिलीची अगदी हलकी रेघ. जोरानं मारली तर थर खरवडला जातो. मग केसाएवढ्या काचनळीनं त्या रेघेवर तीन ठिपके : एक तुमच्या हळदीचा, एक खात्रीच्या हळदीचा, एक मेटॅनिल यलोचा. ठिपका द्यायचा, फुंकर घालून वाळवायचा, पुन्हा त्याच जागी द्यायचा. नव्या मुलींचा हात इथेच थरथरतो आणि ठिपका मटाराएवढा होतो. मग झाकणाच्या बरणीत क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ९५ ला ५ या प्रमाणात घेऊन प्लेट उभी करायची आणि बरणीला हात लावायचा नाही. उत्सुकतेपोटी झाकण उघडून बघणाऱ्याला आमच्याकडे चहा पाजावा लागायचा.

द्रावण वरपर्यंत चढलं की प्लेट काढायची, वाळवायची आणि ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरायची. मला हे दृश्य शेवटच्या दिवसापर्यंत आवडलं. काळोख्या पेटीत हळदीचे तीन पिवळे ठिपके एकाखाली एक लखलखतात. सगळ्यात वर करक्युमिन, खाली त्याचे दोन भाऊ, डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी. खऱ्या हळदीत हे त्रिकूट असतंच. मेटॅनिल यलो मात्र मिठासारखा रेणू, त्याला या द्रावणात पुढे यायची इच्छा नाही. तो तळाशी रेघेपाशीच बसून राहतो. तुमच्या हळदीच्या रांगेत तळाशी तसाच ठिपका दिसला तर संशय पक्का झाला असं धरायचं. मग पुढचं मोजमाप एचपीएलसीवर.

आता दुसरी बाजू. समजा प्लेट स्वच्छ आली. वर तीन ठिपके, तळ कोरा. तरी हळद चांगली असं मी लिहून देणार नाही. कारण हळकुंडाला पिवळाजर्द तजेला आणायला लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चोळतात, आणि ते या प्लेटला दिसत नाही. ते मिथेनॉलमध्ये विरघळतच नाही, गाळणीवरच राहतं. त्यासाठी पूड आम्लात पूर्ण जिरवून शिसं मोजावं लागतं, ते मशीनच वेगळं. क्रोमेट आणि क्रोमॅटोग्राफी दोन्ही शब्द रंग या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दातून आले, पण तेवढंच नातं. विषारीपणात शिसं मेटॅनिलच्या कितीतरी पुढे, आणि ‘टीएलसी पास’ असा कागद हातात घेऊन माणूस निर्धास्त घरी जातो. म्हणून मी काउंटरवर हुज्जत घालायचे.

घरगुती चाचणीही लोक विचारतात. हळदीत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की लालसर-जांभळा रंग येतो. तो खऱ्या हळदीतही येतो, घाबरू नका. पाणी घातल्यावर गेला तर हळदीचा. टिकला तर मेटॅनिलचा. पण तेवढ्यासाठी ॲसिडची बाटली ओट्यावर आणू नका, ताई. पुढच्या वर्षी भाच्याला सांगलीला पाठवा.

तिखटाबद्दल तीन पत्रं आहेत, त्यांना इथेच सांगते. तिखटातला बदनाम रंग म्हणजे सुदान. तेलात विरघळणारा, म्हणून तर्रीवरही छान तरंगतो. २००३ साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या तिखटात सुदान-१ सापडला आणि युरोपनं तपासणी सक्तीची केली. तरी २००५ साली ब्रिटनमध्ये एका सॉसमधून तो शेकडो तयार पदार्थांत गेल्याचं निघालं आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या कराव्या लागल्या.

प्रश्न : आमच्या घरच्या म्हशींचं तूप विकतो. एका गिऱ्हाइकानं तपासलं तर आकडे कमी आले, भेसळ केली म्हणतात. म्हशी सरकीची पेंड खातात, एवढंच. — एक दूधउत्पादक, जळगाव

दादा, तुमचं म्हणणं खरं असू शकतं. जुन्या तपासणीत आरएम व्हॅल्यू बघतात, म्हणजे तुपातली ब्युटिरिकसारखी छोटी आम्लं किती आहेत ते. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात हा आकडा खाली येतो, हे इतकं जुनं ज्ञान आहे की कायद्यातही ‘कापूस पट्टा’ वेगळा धरलेला होता.

गिऱ्हाइकाला सांगा, गॅस क्रोमॅटोग्राफीवर बीटा-सिटोस्टेरॉल बघून घ्या. हे झाडांचं स्टेरॉल, जनावरांचं कोलेस्टेरॉल. म्हशीनं कितीही सरकी खाल्ली तरी सिटोस्टेरॉल दुधात नावापुरतंच उतरतं. वनस्पती तेल किंवा डालडा मिसळलं तर मात्र त्याचा पीक, म्हणजे मशीनच्या आलेखातला उंचवटा, उघडा पडतो. फक्त लक्षात असू द्या, कोणी जनावराची चरबी मिसळली तर ही तपासणी गप्प बसते, कारण चरबीतही कोलेस्टेरॉलच. तिथे ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे तूप ज्या स्निग्ध रेणूंचं बनलेलं असतं त्यांचा, पूर्ण नकाशा काढावा लागतो.

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यात चार एकर थॉमसन आहे. एकाच प्लॉटचं सॅम्पल दोन लॅबला दिलं. एका औषधाचा अंश एकीकडे ०.००९ आला, दुसरीकडे ०.०१२. मर्यादा ०.०१. म्हणजे एक पास, एक नापास. खोटं कोण बोलतंय? — एक द्राक्ष बागायतदार

दादा, कोणीच नाही. ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. इतकं बारीक मोजताना आकड्याला शेपूट असतं. युरोपातल्या लॅबही अंश-तपासणीत पन्नास टक्क्यांची अनिश्चितता धरून चालतात. म्हणजे ०.०१२ चा अर्थ ०.००६ ते ०.०१८ मध्ये कुठेतरी. तुमचे दोन्ही आकडे एकमेकांच्या पोटात बसतात. तिकडचा सरकारी अधिकारी कारवाई करण्याआधी ही अनिश्चितता वजा करतो. खरेदीदार मात्र करत नाही, आणि युरोपातले काही सुपरमार्केटवाले तर कायद्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यालाच माल अडवतात. तेव्हा भांडण लॅबशी नाही, करारात काय लिहिलंय त्याच्याशी आहे.

आणि सॅम्पल कोणी, कुठून काढलं? बांधाकडच्या ओळींत ट्रॅक्टर वळतो, तिथे फवारा दोनदा बसतो. एकानं मधल्या ओळींतून घड घेतले आणि दुसऱ्यानं रस्त्यालगतचे, तर मशीन बिचारं दोन वेगळ्या बागा मोजतंय. माझ्या अनुभवात लॅबच्या चुकांपेक्षा पिशवीतल्या चुका जास्त.

तुम्ही जुने बागायतदार असाल तर २०१० आठवत असेल. त्या हंगामात आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, म्हणजे तुमचं सीसीसी, लिहोसिन. मर्यादा होती ०.०५. खरड छाटणीनंतर शेंडा आवरायला आणि घडनिर्मितीला ते सर्रास मारलं जायचं. वेलीत मुरायचं आणि पुढे मण्यात उतरायचं. आपल्याकडचे रिपोर्ट तर स्वच्छ होते. खोटे नव्हते, स्वच्छच होते. तपासायच्या रसायनांच्या यादीतच ते त्या वर्षी नव्हतं. आणि यादीत नाही तर योगायोगानंही दिसणार नाही असा तो रेणू आहे. शेकडो औषधं एका दमात काढायची जी पद्धत असते त्यात द्राक्षाचा लगदा इथाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात घुसळतात. क्लोरमेक्वाट पाण्याचा इतका लोभी की तो पाण्यातच राहतो, आणि पाणी आपण फेकून देतो. त्याला वेगळं काढावं लागतं आणि एलसी-एमएस-एमएसवर वेगळा रन लावावा लागतो.

एमएस, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, कशाला, तर मघाशी म्हटलं ते. सहाव्या मिनिटाला बाहेर पडलेला माणूस नवराच कशावरून? हे मशीन त्याचं वजन करतं, मग त्याला फोडून तुकड्यांचंही वजन करतं. वेळ, वजन आणि तुकडे तिन्ही जुळले तरच नाव लिहायचं. शंका राहिलीच तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथली लॅब या कामातली संदर्भ प्रयोगशाळा आहे. पण जाण्याआधी फवारणीची वही काढा आणि काय मारलंय ते खरं सांगा. दुकानदारानं फुकट दिलेली बिनलेबलची बाटलीसुद्धा.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची आहे. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं कफ सिरपनं गेली, त्यातली काही आमच्या नागपूरच्या दवाखान्यांत होती. औषधांची क्रोमॅटोग्राफीनं तपासणी होते असं तुम्ही लिहिलंत. मग हे सुटलं कसं? — एक बाबा, नागपूर

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं; सरकारी लॅबमध्ये ते ४८.६ टक्के निघालं. म्हणजे बाटलीतलं निम्मं. हा पदार्थ गोडसर, दाट, बिनरंगी. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या शेजारी ठेवला तर डोळ्यांना आणि जिभेला फरक कळत नाही. कारखान्यात लागतो आणि स्वस्त पडतो. पोटात गेला की शरीरात त्याचं जे आम्ल बनतं ते मूत्रपिंड मारतं.

आता त्या वेळी सिरप तयार झाल्यावर काय तपासायचे? लेबलवर लिहिलेलं औषध लिहिलं तेवढं आहे का. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन, फिनाइलएफ्रिन. हे एचपीएलसीवर बघतात, आणि त्याचा डिटेक्टर असतो अतिनील प्रकाशाचा : जो रेणू तो प्रकाश शोषतो त्याचा पीक येतो. ही तिन्ही औषधं शोषतात. डायएथिलीन ग्लायकॉल शोषत नाही. एकदा कल्पना करून बघा. बाटलीत निम्मं विष आहे, कॉलममधून ते वाहत बाहेर येतंय, डिटेक्टरच्या काचेसमोरून जातंय आणि कागदावर रेघ सपाट. पॅरासिटामॉल ९९.८ टक्के. पास. इतका देखणा क्रोमॅटोग्राम मीही फ्रेम करून लावला असता.

त्याला बघायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफ हवा. तिथे सॅम्पलची वाफ करून ती हायड्रोजनच्या ज्योतीत जाळतात. जळणारा कार्बन असला की ज्योतीला कळतं, प्रकाश शोषतो की नाही हा प्रश्नच नाही. साधी, जुनी तपासणी आहे; कच्च्या मालात मर्यादा ०.१ टक्का. जीसी नसेल त्यांच्यासाठी टीएलसीचीही पद्धत आहे, वर हळदीला सांगितली तशीच. म्हणजे अडचण विज्ञानाची नव्हती, बाबा. ड्रम उघडला तेव्हा कोणी विचारलंच नाही.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषध याच द्रवात विरघळवून विकलं, शंभरावर माणसं गेली, त्यावरून तिथला औषधकायदाच बदलला. आपल्या मुंबईत १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात मेंदूचा आणि डोळ्यांचा दाब उतरवायला रुग्णांना ग्लिसरीन दिलं. त्यात हेच होतं. चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला.

मी तेव्हा नोकरीत नवखी होते, ठाण्याजवळच्या एका औषध कंपनीत. बातमी आली त्या आठवड्यात आमच्या साहेबांनी गोदामातले ग्लिसरीनचे सगळे ड्रम बाजूला काढायला लावले. सगळे, त्यातला एखादा नव्हे. मी वहीत ‘एक ड्रम प्रातिनिधिक’ असं लिहून ठेवलं होतं, ती ओळ त्यांनी पेननं खोडली, कागद फाटेपर्यंत. प्रत्येक ड्रममध्ये नळी सोडायची, तळापर्यंत, बोटानं वरचं तोंड दाबून बाहेर काढायची. ग्लिसरीनची धार इतकी संथ की एका ड्रमला पाच मिनिटं जायची. तेव्हा संगणक कुठले? रेकॉर्डरची सुई कागदाच्या पट्टीवर डोंगर काढायची. डोंगराचं क्षेत्रफळ हवं असलं की तो कात्रीनं कापायचा आणि काट्यावर कागदाचं वजन करायचं. मी दोन दिवस कागदाचे डोंगर कापत बसले होते. आमच्या ड्रमांत काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना वडापाव आणला आणि स्वतः खाल्ला नाही.

त्यानंतर २०२२ साली गांबियात साठांहून जास्त मुलं गेली, सिरप भारतात बनलेलं. त्यावर १ जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारमान्य लॅबची तपासणी सक्तीची झाली. निर्यातीच्या. घरच्या मुलांसाठी वेगळा नियम का, हे मला अजून कळलेलं नाही आणि मी ते सौम्य शब्दांत लिहिणारही नाही.

तुम्ही एक बाटली लॅबला नेऊन तपासून घ्यावी का? एका बाटलीवरून पुढच्या बॅचचं काही कळत नाही, तेव्हा त्यात पैसे घालू नका. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. तुमची मुलगी त्यातच बसते. डॉक्टरांसमोर हे मोकळेपणानं बोला. कधी औषध घेतलंच तर पावती आणि बॅच नंबर असलेली बाटली संपल्यावरही महिनाभर ठेवा. आणि औषध चालू असताना मुलीला लघवी कमी होतेय असं वाटलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

प्रश्न : महाबळेश्वरहून आणलेला मध फ्रिजमध्ये घट्ट झाला, खाली साखर बसली. भेसळच ना? — एक वाचक, डोंबिवली

नाही. मधातलं ग्लुकोज थंडीत दाणेदार होतंच. उलट तो पातळ करायला गॅसवर उकळलात तर एचएमएफ नावाचा पदार्थ वाढेल, जो आम्ही एचपीएलसीवर मोजतो आणि ज्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. कोमट पाण्यात बरणी ठेवा. तांदळाच्या पाकाची भेसळ हा वेगळा आणि अवघड विषय, त्यावर पुन्हा केव्हातरी.

प्रश्न : एमएस्सी करते आहे. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, नोकरीचं पत्र आलंय. मशीन कधी चुकतं का? चुकलं तर कळतं कसं? — एक विद्यार्थिनी, फोंडा

अगं, नोकरी घे. वेर्ण्याला एचपीएलसीच्या रांगा असतील, सहा महिन्यांत कॉलेजच्या दोन वर्षांहून जास्त शिकशील.

मशीन चुकतं म्हणण्यापेक्षा, मशीन कधीकधी स्वतःच माल तयार करतं. २०१९ मधलं रॅनिटिडीन या ॲसिडिटीवरच्या औषधाचं प्रकरण वाचून काढ. एका अमेरिकी लॅबनं गोळ्या जीसीवर तपासल्या आणि एनडीएमए हा कर्करोगाशी जोडलेला पदार्थ एका गोळीत तीस लाख नॅनोग्रॅमच्या घरात सापडला म्हणून सांगितलं. मर्यादा दिवसाला ९६. जगभर हाहाकार. पण त्या पद्धतीत सॅम्पल १३० अंशांपर्यंत तापवलं जात होतं, आणि रॅनिटिडीनचा रेणू तापला की मोडून तोच एनडीएमए बनवतो. न तापवता एलसीवर बघितल्यावर आकडे कितीतरी खाली आले. गोष्ट इथे संपत नाही. खाली आले तरी काही गोळ्यांत ते मर्यादेपेक्षा जास्तच होते, आणि गरम जागी साठवलं की वाढतात असंही दिसलं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेनं औषध बाजारातून काढायला लावलं. मोजण्याची रीत चुकीची होती आणि संशय बरोबर होता. असं होतं.

माझं स्वतःचं सांगते. नोकरीच्या सातव्या की आठव्या वर्षी एका गोळीच्या तपासणीत शेवटी-शेवटी एक अनोळखी पीक यायला लागला. छोटा, पण रोज. तीन बॅच अडवल्या. उत्पादन विभागाचे साहेब माझ्या टेबलाशी येऊन आवाज चढवून गेले. मी कॉलम बदलला, मिथेनॉलचा नवीन लॉट आणला, सॅम्पल सोनिकेटरमध्ये पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं ठेवलं. पीक तिथेच. चौथ्या दिवशी आमच्या हेल्पर मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘बाई, गोळी न घालता चालवून बघितलं का?’ त्या शिकलेल्या नव्हत्या, पण वीस वर्षं आमचं बोलणं ऐकत होत्या. नुसतं द्रावक इंजेक्ट केलं, म्हणजे ज्याला ब्लँक म्हणतात आणि जो मी सगळ्यात आधी लावायला हवा होता तो. पीक हजर. गोळीचा काही दोष नव्हता. मी फ्लास्क ज्या मऊ प्लॅस्टिकच्या वॉश बॉटलमधल्या मिथेनॉलनं विसळत होते, तिच्या नळीतलं थॅलेट सुटून येत होतं. प्लॅस्टिक मऊ ठेवायला घालतात ते. तीन बॅच, चार दिवस, एक नळी.

तेव्हा रोज सकाळी रन लावताना पहिलं इंजेक्शन ब्लँक, मग स्टँडर्ड, म्हणजे आधीच माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण, पाच किंवा सहा वेळा, त्यांची क्षेत्रफळं एकमेकांशी जुळली तरच सॅम्पल. आणि बॅच सोडायची घाई असली की शेजारचा कोणीतरी म्हणेल, ‘पीकच्या पायथ्याची रेघ जरा वर ओढ, बसेल मर्यादेत.’ ओढू नकोस. सॉफ्टवेअर प्रत्येक ओढलेली रेघ तुझ्या नावानं आणि वेळेनिशी जपून ठेवतं, आणि ऑडिटवाला नेमकी तीच फाइल उघडतो.

निवृत्त होताना मावशींनी ती वॉश बॉटल मला खोक्यात घालून दिली. तुळशीच्या रोपांना पाणी घालायला बरी पडते, धार बारीक आहे.